चार देवळांचा प्रसाद

आज देवाच्या आधी एका पायाला नमस्कार करतो. उजवा पाय, सांडूनानांचा. ह्या पायावर उभे राहून नानांनी एकोणीस वर्षे माझ्या कीर्तनात पाठीमागे टाळ धरला. मी निरूपणात पुढे पुढे जावे आणि मागून त्या पावलाच्या ठेक्याने मला सावरून धरावे, असे आमचे नाते. त्या पायाचा अंगठा राहतो की जातो, हे एकवीस दिवसांत ठरायचे होते. ते एकवीस दिवस मी जवळून पाहिले, आणि त्यांत माझ्या हातचाही एक दोष आहे, म्हणून ते मलाच सांगितले पाहिजेत.

नाना मूळचे पिशोरचे. तिशीत छत्रपती संभाजीनगरला आले, चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत गिअर बनवणाऱ्या एका कारखान्यात लागले, आणि आज छप्पन्नाव्या वर्षी तिथेच तपासनीस आहेत. यंत्रावरून उतरलेला प्रत्येक नग त्यांच्या टेबलावर येतो. हातात गेज असते. त्याचे एक टोक नगाच्या भोकात गेलेच पाहिजे आणि दुसरे जाताच कामा नये. केसाएवढा फरक असला तरी नाना नग बाजूला ठेवतात. साहेब रागावले तरी ठेवतात, मित्राने विनवले तरी ठेवतात. गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्का, आणि जिभेवर खोटे कधी नाही. असा हा मापाचा माणूस.

वैशाख सरत आला होता. कारखान्यात नवे बूट मिळाले आणि त्यांनी नानांच्या अंगठ्याची कड सोलली. सोलली हे नानांना कळलेच नाही. बारा वर्षांच्या मधुमेहाने तळपायाची जाणीव बोथट करून टाकली होती. मोजा धुवायला घेताना त्यांच्या पत्नीला, आशाबाईंना, रक्त दिसले, तोवर जखम बोराएवढी झाली होती आणि तिला वास येत होता.

जालना रस्त्यावरच्या एका दवाखान्यात सर्जननी पाय हातात घेतला. क्ष-किरणाचा फोटो उजेडाला धरून त्यांनी सांगितले, की हाड अजून स्वच्छ आहे; पण रक्तातली साखर इतकी राहिली तर जखम भरणार नाही, ती आत जाईल. आजपासून इन्सुलिन सुरू. तीन आठवडे वाट पाहू. साखर खाली आली तर अंगठा राहील. नाही आली, तर पाय वाचवण्यासाठी अंगठा काढावा लागेल.

नानांनी एकच प्रश्न विचारला. "डॉक्टरसाहेब, अंगठ्याबिगर उभं ऱ्हाता येतं का?"

"येतं. पण तोल जातो. तासन् तास नाही राहता येत."

नानांनी मान हलवली. माणूस चालतो पावलाने, पण तोल धरतो तो अंगठ्याने. हे टाळकऱ्याला कुणी शिकवावे लागत नाही.

घरी आल्यावर आशाबाईंनी साखरेचा डबा उचलला आणि शेजारी देऊन टाकला. गूळ गेला, बिस्किटे गेली, शेवया गेल्या. ज्वारीची दीड भाकरी, पालेभाजी, मुगाचे वरण, ताक, एवढेच ताट उरले. मुलगी अपेक्षा रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत कामाला होती. रोज पहाटे उपाशीपोटी बापाचे बोट टोचायचे, आकडा बघायचा आणि सर्जनना कळवायचा, हे काम तिने आपल्याकडे घेतले. पिशोरहून धाकट्या भावाने केशर आंब्यांची पाटी पाठवली, तर नानांनी ती उंबऱ्याच्या आत येऊ दिली नाही. पाटी न उघडताच पुढच्या गल्लीत गेली. वास मात्र मागे राहिला, आणि त्या वासाशी नाना दोन दिवस झगडले.

ज्याला गोडाचे व्यसन नाही त्याला ही झुंज सांगून कळायची नाही. भूक पोटात लागते. गोडाची तहान पोटात लागत नाही, ती कानशिलांत ठोके देत येते. दुपारी चार वाजता बिनसाखरेचा चहा पुढे आला, की नानांच्या जिभेच्या मुळाशी पाणी सुटे, हाताला बारीक कंप येई, आणि गेजचे टोक नगाच्या तोंडाशी थरथरे. कंपनीने त्यांना बसायला खुर्ची दिली होती. त्या खुर्चीचे हात ते घट्ट धरून बसत, नामस्मरण करीत, आणि ती पंधरा-वीस मिनिटे ओसरली की घामाने ओले होऊन पुन्हा कामाला लागत. शेजारच्या टेबलावर कुणाचा वाढदिवस झाला. केकचा तुकडा समोर ठेवला गेला. नानांनी तो झाकून परत दिला.

अशात धोंड्याचा महिना लागला. तीन वर्षांनी येणारा हा अधिकमास म्हणजे जावयांना पुरणाचे धोंडे आणि देवाला रोजचा नैवेद्य. आम्ही राहतो त्या वसाहतीत चार देवळे: मारुतीचे, दत्ताचे, विठ्ठलाचे आणि देवीचे. चारही ठिकाणी रोज सांजेला आरती, आणि रोज एका घराकडून प्रसाद. कधी शिरा, कधी बुंदी, कधी पेढे, कधी तुपात निथळलेले धोंडे.

नाना पूर्वी विठ्ठलाच्या देवळात येत. आता ते साडेसहाला मारुतीच्या, सातला दत्ताच्या, साडेसातला विठ्ठलाच्या आणि आठला देवीच्या आरतीला दिसू लागले. दुखऱ्या पायात मऊ चप्पल, स्कूटी हळूहळू चालवीत, चारही ठिकाणी वेळेवर. लोक म्हणाले, अंगठ्याच्या भीतीने नानांची भक्ती वाढली. मीही तेच म्हणालो. किंबहुना मला त्याचे कौतुक वाटले, आणि एका कीर्तनात मी नाव न घेता तो दाखलाही दिला.

आकडे मात्र ऐकेनात. पहिल्या पहाटे दोनशे ऐंशी होते. इन्सुलिनने आठवड्यात दोनशे पंचावन्नवर आले, आणि तिथून खाली जायचे सोडून वर चढू लागले. सर्जननी मात्रा दोनदा वाढवली. बाराव्या पहाटे दोनशे एक्याण्णव. पट्टी सोडली तर जखमेची कड राखाडी झाली होती. सर्जन फोनवर अपेक्षाला एवढेच म्हणाले, की औषध आपले काम करते आहे, घरात कुणीतरी गोड देते आहे.

घरात कुणी देत नव्हते. मग उरला कारखाना. अपेक्षाने बापासमोर बसून विचारले, "नाना, कॅन्टीनमधी काय खाता?"

"काय नाय."

"मग ही साखर कुठून येती?"

"ते तुझ्या मशीनला विचार."

"मशीन खोटं बोलत नाय, नाना."

ह्या वाक्याचा अर्थ तिघांनाही कळला. नानांचा चेहरा काळवंडला. त्यांनी गळ्यातली माळ मुठीत धरली आणि म्हणाले, "ह्या माळेची आण घेतो. डॉक्टरकडून आलो त्या दिसापासून गोडाचा कण जिभेला लावला नाय मी."

आशाबाई मुलीवर उसळल्या. पस्तीस वर्षांच्या माळकऱ्याला पोटच्या पोरीने खोटे ठरवावे, ह्याहून मोठे दुःख त्यांना माहीत नव्हते. बापाची माफी माग, असे त्या पुन्हा पुन्हा म्हणाल्या. अपेक्षाने माफी मागितली. पण ती रक्त ओळखणारी मुलगी. बाप माळेवर हात ठेवून खोटे बोलणार नाही हे तिला माहीत होते, आणि रक्त खोटे बोलणार नाही हेही. दोन्ही खरे असतील तर मधले काहीतरी तिला दिसत नव्हते. हाती नऊ दिवस होते.

त्या सांजेला ती कामावरून थेट घरी गेली नाही. मारुतीच्या देवळासमोर नारळवाल्याच्या आडोशाला उभी राहिली.

नाना आले. आरती झाली. बुंदी वाटली गेली. नानांनी ओंजळ पुढे केली, बुंदी तोंडात टाकली, हात कपाळाला लावला, स्कूटी सुरू केली. दत्ताच्या देवळात दोन पेढे. विठ्ठलाच्या देवळात गूळ-खोबरे. तेथे प्रसाद वाटीत होतो मी स्वतः. नानांची ओंजळ पाहून मी एक चिमूट जास्तच घातली, प्रेमाने घातली. अपेक्षा दाराबाहेरून हे सारे पाहत होती.

देवीच्या देवळात त्या दिवशी सत्यभामाकाकूंकडचा शिरा होता. काकू वसाहतीत जुन्या, बोलायला मोकळ्या. नाना रांगेत पुढे आले तशा त्या हसून म्हणाल्या, "काय नाना, पाच साल देवीकडं फिरकले नाय. धोंड्याच्या महिन्यानं ध्यान आली व्हय आमची?" आणि एक द्रोण हातात देऊन, दुसरा वर ठेवून म्हणाल्या, "ह्यो अपेक्षाला न्या."

नाना द्रोण घेऊन चपलांच्या फडताळामागे गेले. तिथे त्यांनी पहिला द्रोण संपवला. मग दुसरा संपवला. मग बोटाने दोन्ही द्रोणांच्या पानांवरचे तूप निपटून घेतले. डोळे मिटलेले होते, आणि चेहऱ्यावर असे समाधान होते, की अपेक्षाला क्षणभर हाक मारवेना.

"नाना."

नाना दचकले नाहीत. लपलेला माणूस दचकतो. ते दचकले नाहीत, हेच तिला सर्वांत भयंकर वाटले. रिकामा द्रोण दाखवत ते म्हणाले, "आत जा, काकूकडून घे. परसाद हाय."

"सकाळी माळेची आण घेतली तुमी."

"मग? गोड कुठं खाल्लं मी? परसाद हाय म्हणलं ना."

अपेक्षा तिथेच पायरीवर बसली. तिला रडू येत होते, पण रडायला वेळ नव्हता. पिशवीतून तिने साखर मोजण्याचे यंत्र काढले आणि हात पुढे केला. नानांनी मुकाट्याने बोट दिले. रक्ताचा थेंब पट्टीवर चढला. पाच क्षण. आकडा आला: चारशे अकरा.

नाना आकड्याकडे पाहत राहिले. देवाच्या दारात असे कसे येईल, असे काहीसे पुटपुटले.

अपेक्षा हळू बोलली. "नाना, साहेबानं स्वतःच्या हातानं आणून दिला, म्हणून तुमचं गेज कवा नग पास करतं का?"

देवळात घंटा चालू होती. नाना म्हणाले, "नाय. गेजला साहेब कळत नाय." आणि ते मुलीशेजारी पायरीवर बसले.

दुसऱ्या सकाळी ते माझ्याकडे आले. पाय पुढे पसरून बसले आणि विचारले, "महाराज, परसाद नाकारला तर पाप लागतं का?"

मी शास्त्र सांगायला तोंड उघडले, तोच ते म्हणाले, "धोंडा लागला त्या दिशी तुमी बोलले व्हते. परसादानं कुणाचं वाईट झालं नाय, म्हणून. मी ते धरून चाललो."

सज्जनहो, व्यासपीठावरून सुटलेला शब्द कुणाच्या पायात जाऊन रुततो, ह्याचा विचार मी त्या दिवसापर्यंत केला नव्हता. टाळ्यांसाठी बोललेले ते वाक्य होते. ते मी नानांजवळ कबूल केले. मग विचारले, "नाना, प्रसाद किती घ्यावा?"

"कण. कणात सगळा आला."

"मग दोन द्रोण कुणासाठी होते?"

नाना खाली पाहून म्हणाले, "जिभेसाठी. चार देवळं मी देवासाठी नाय फिरलो, महाराज. देवीकडं आज काय हाय, हे मी सकाळीच विचारून ठेवत व्हतो. मला ठावं व्हतं. मी मलाच कळू दिलं नाय."

एवढे बोलून हा माणूस लहान मुलासारखा रडला. मीही रडलो. ज्या जिभेने पस्तीस वर्षे नाम घेतले, तिनेच नामाच्या आडून आपला हट्ट पुरवून घेतला. हे ओळखायला जे धैर्य लागते, ते माझ्या कोणत्याही कीर्तनात नव्हते.

आठ दिवस उरले. एकच देऊळ, एकच आरती, एकच कण, असे ठरले. ऐकायला सोपे, पण दहा सांजा जिला चारदा मिळाले होते, ती जीभ आता चवताळली. रात्री दात वाजत. आशाबाईंवर विनाकारण ओरडा होई. मेथीची भाजी ताटातून ढकलली जाई, आणि नंतर खाली मान घालून तीच खाल्ली जाई. पंधराव्या दिवशी साडेसहाला ते मारुतीच्या देवळाशी गेलेच. स्कूटी उभी केली, खाली उतरले नाहीत. आरती संपून ताट फिरू लागले, तोवर हँडल धरून बसून राहिले, आणि मग घरी परतले. घरी येऊन त्यांनी आपण होऊन सारे सांगितले, आणि बोट पुढे केले. दुसऱ्या पहाटे आकडा दोनशे दहा होता.

एकोणिसाव्या दिवशी आमच्या सप्ताहाचा काला होता. काल्याची रीत आपण जाणता. लाह्या, दही, लोणचे, डाळ कालवायची. आमच्याकडे त्यात बुंदीही चुरतात. आणि मग तो काला स्वतःच्या हाताने खायचा नाही, एकमेकांच्या तोंडात घालायचा. लहानमोठा भेद नाही, मागणे नाही, नाकारणे नाही. ज्या दिवशी नाही म्हणता येत नाही, नेमका तोच दिवस समोर आला. आशाबाई म्हणत होत्या, आज घरीच राहा. नाना आले. खुर्चीवर बसून, पाय स्टुलावर ठेवून त्यांनी टाळ वाजवला.

हंडी फुटली. लोक उठले. पहिल्याच घासाला सत्यभामाकाकू आल्या, मूठभर काला घेऊन. नानांनी तोंड मिटलेले ठेवले.

"माझ्या हातचं कडू झालं व्हय, नाना?"

सगळे पाहू लागले. नानांनी काकूंच्या मुठीतून काला आपल्या हातात घेतला आणि म्हणाले, "आधी तुमी आ करा, काकू." आणि तो घास काकूंच्याच तोंडात घातला. हशा पिकला. मग जो येईल त्याच्या हातचा काला घ्यायचा आणि त्याच्याच तोंडी भरवायचा, असे नानांनी चालवले. हात दह्याने माखले, बुंदीचा पाक मनगटापर्यंत ओघळला, आणि तो हात त्यांच्या स्वतःच्या तोंडाकडे एकदाही वळला नाही. अपेक्षा खांबाशी उभी होती. तिची नजर त्या हातावरून हलत नव्हती.

शेवटी मी गेलो. माझ्या तळहातावरही काला होता. सवयीने घेतला होता, विचाराने नव्हे. आजूबाजूचे थांबले, कारण कीर्तनकाराच्या हातचा काला आजवर कुणी टाळला नव्हता. नानांनी माझ्या तळहाताकडे पाहिले. मग दोन बोटांनी, नग उचलावा तशी, त्यातली एक लाही उचलली. जिभेवर ठेवली. डोळे मिटले.

"एवढंच मापात बसतं, महाराज," ते म्हणाले, आणि माझाच हात धरून माझ्या तोंडाकडे वळवला.

मंडप रिकामा झाला. मी आत उपरणे आणायला गेलो आणि परत आलो, तर नाना खुर्चीवर नव्हते. बुंदीच्या पातेल्याशी उभे होते. झाकण हातात, दुखऱ्या पायावर भार. मी जागीच थांबलो. हाक मारावी की नाही, हे सुचेना. किती वेळ गेला सांगता येणार नाही. मग झाकण पातेल्यावर बसल्याचा आवाज झाला.

"अपेक्षा," नानांनी हाक दिली. "चल माय, मला घरी ने. आत्ताच ने."

एकविसाव्या सकाळी साखर एकशे बावन्न होती. आम्ही चौघे दवाखान्यात गेलो. सर्जननी पट्टी सोडली आणि सुरी घेतली. आशाबाईंनी तोंड भिंतीकडे फिरवले. नाना छताकडे पाहत होते; त्यांना वेदना कळणार नव्हत्या, म्हणून काय चालले आहे हेही कळणार नव्हते. सर्जननी कडेची मेलेली चामडी खरवडली, पुन्हा खरवडली, आणि खाली लाल रक्ताचे थेंब उभे राहिले.

"रक्त आलं," सर्जन म्हणाले. "हेच बघायचं होतं. अंगठा राहतोय."

दीड महिना पायावर भार द्यायचा नाही, दर आठवड्याला दाखवायचे, इन्सुलिन चालू ठेवायचे, असे बरेच त्यांनी सांगितले. नानांनी ते सारे दोनदा विचारून घेतले.

बाहेर आल्यावर आशाबाईंचे पाय आपोआप समोरच्या मिठाईच्या दुकानाकडे वळले. चांगली बातमी झाली की पेढे, जन्माची सवय. अर्ध्या वाटेत त्या थबकल्या आणि गुन्हा केल्यासारख्या मागे पाहू लागल्या.

"घ्या की," नाना म्हणाले. "लोकानला वाटायला पाहिजेत. फकस्त आधी मला रिक्षात बसवा. अन् पुडा माझ्याजवळ देऊ नका."

मी विचारले, "अजून मागते का हो जीभ?"

"मागती. आत्ता बी मागती."

पेढ्यांचा पुडा अपेक्षाने पुढे, चालकाच्या शेजारी ठेवला. जालना रस्त्याने रिक्षा चिकलठाण्याकडे निघाली. नाना माझ्या बाजूला होते. घर येईपर्यंत त्यांनी मान दुसरीकडे वळवून ठेवली होती, आणि त्यांच्या हाताने माझे मनगट इतके घट्ट धरले होते, की उतरल्यावरही बोटांचे वळ दिसत होते.